तक्त्यात राहून गेलेला रकाना

३ मार्च, रविवार, सकाळी ११

आजपासून रोजनिशी. वही ऑफिसातली आहे, पण मागची पानं कोरी होती, आणि कोऱ्या पानांवर कंपनीचा हक्क नसतो असं माझं स्पष्ट मत आहे. ही माझ्याखेरीज कुणी वाचायची नाही.

निमित्त असं. लेकीची अ‍ॅडमिशन पक्की झाली. २८ जुलैला ती दुसऱ्या शहरात शिकायला जाणार, हॉस्टेलवर. आज नाश्त्याला बसली आणि म्हणाली, बाबा, मी जायच्या आत आपण दोघांनी मिळून एक गेम पूर्ण करायचा का? दोघांनीच खेळायचा असतो. एक जुनी आगबोट लांबच्या बंदरात न्यायची. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. शेजारी शेजारी बसून, एकाच कीबोर्डवर. एकट्याने जमत नाही, लांबूनही जमत नाही.

मी म्हटलं, सुकाणू माझ्याकडे. ती म्हणाली, चालेल.

फार बरं वाटलं. गेल्या दोन वर्षांत तिने माझ्याकडे चार्जर सोडून दुसरं काही मागितलेलं नाही.

सव्वादहाला बसलो. आमचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. गेम सुरू झाला, पण बोट उचकी लागल्यासारखी चालायला लागली आणि आतला पंखा जीव खाऊन ओरडायला लागला. ती म्हणाली, सेटिंग जरा कमी करू, मस्त चालेल. मी उठलोच. आयुष्यात एकदा लेकीबरोबर खेळायचं आणि तेही सेटिंग कमी करून? शक्य नाही. मी सांगितलं की मशीन अपग्रेड करणार. असं करणार की दहा वर्षं पुन्हा हात लावायला नको. समतोल आणि टिकाऊ. मी हे समजावून सांगत असताना ती कीबोर्डवर काहीतरी टाइप करत होती. हल्लीच्या मुलांचं लक्ष नसतं.

मार्चअखेर मशीन तयार. शब्द दिला आहे.

५ मार्च, संध्याकाळी

स्वतःविषयी दोन ओळी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे संदर्भ राहील. पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात बावीस वर्षं. बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह, नटबोल्ट. तीन कोटेशनं आणि तुलनेचा तक्ता झाल्याशिवाय मी आजवर साधा वॉशरही घेतलेला नाही. लोक घाई करतात आणि मग पस्तावतात. मी पस्तावलो असं एकही उदाहरण नाही.

तक्ता आखला. प्रत्येक पार्टला वेगळं पान. एकेचाळीस रकाने. समतोल आणि टिकाऊपणा या दोघांना जास्त गुण.

९ मार्च, शनिवार

इंटरनेटवर एक टोपीवाला सापडला. पार्टसची परीक्षणं करतो. घरात, दिव्याखाली, कायम टोपी घालून असतो. पण माणूस अभ्यासू. त्याच्याकडून ‘बॉटलनेक’ शिकलो. म्हणजे प्रोसेसर तगडा आणि ग्राफिक्स कार्ड लेचंपेचं असेल, तर तगडा पार्ट हात बांधून बसून राहतो आणि लेच्यापेच्याची वाट बघतो. उलटंही होतं. ऐकताना मला आमचं ऑफिस डोळ्यांसमोर दिसलं. मी कोण आणि बाकीचे कोण हे लिहायची गरज नाही.

बायकोला समजावून सांगितलं. ती घरी कपडे ऑल्टर करून देते, तेव्हा कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. म्हणाली, अहो, पण तुम्हाला खेळायचंय की बांधकाम काढायचंय?

तांत्रिक विषयात तिला गती नाही.

१० मार्च, रविवार

दुकानात जाऊन आलो. दुकानदाराला जुन्या मशीनचा फोटो दाखवला. त्याने चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, काका, यात धुळीची गादी झालीय. पंखा साफ करा, एक एसएसडी टाका, मधल्या प्रतीचं कार्ड लावा, अर्ध्या तासात करून देतो. सहा वर्षं बघायला नको.

सहा! मी दहा म्हणतोय आणि हा सहावर बोळवण करतोय. शिवाय कमी घ्या असं सांगणारा दुकानदार मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. काहीतरी पाणी मुरतंय. त्याला कोटेशन लेखी द्यायला सांगितलं. त्याने बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. तक्त्यात ‘सादरीकरण’ या रकान्यात त्याला शून्य.

१७ मार्च, रविवार

जुनं मशीन माझ्या टेबलावरून हलवलं. नव्यासाठी जागा मोकळी असली की डोकं चालतं. आतल्या खोलीत बायकोच्या शिलाईच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिलं. तिला म्हटलं, भंगारात जाईपर्यंत असू दे, गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेव त्यात.

चहाला हाक मारायला गेलो तर बाईसाहेब झाकण काढून बसलेल्या. शिलाई मशीनच्या ब्रशने पंखा झाडत होत्या. धुळीचा हा एवढा बोळा निघाला होता. लेक शेजारी टॉर्च धरून उभी. मला हसू आलं. म्हटलं, बॉटलनेक ब्रशने जात नसतो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पटलं असावं.

३१ मार्च, रविवार

मार्चअखेर. मशीन तयार नाही, पण कारण भक्कम आहे. टोपीवाल्याने सांगितलं की मे महिन्यात प्रोसेसरची नवी पिढी येतेय. म्हणजे आज घेतलेला पार्ट सहा आठवड्यांत म्हातारा. दहा वर्षांच्या खरेदीत सहा आठवडे थांबणं याला उशीर म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात.

लेकीला सांगितलं, मेअखेर. तिने मान डोलावली. कुरकुर नाही, रुसवा नाही. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१४ एप्रिल, रविवार, दुपारी

पहिली खरेदी! पॉवर सप्लाय. सगळा डोलारा त्याच्यावर उभा राहतो, म्हणून पहिला मान त्याचा. तक्त्यात पहिला आला तोच घेतला, बाजारातला सर्वांत दमदार. दुकानदाराने विचारलं, काका, पिठाची गिरणी टाकताय का? माणसाने आपली पायरी ओळखून चेष्टा करावी.

खोका कपाटावर ठेवला. पाच वर्षांची वॉरंटी आहे. ती आजपासून सुरू होते हे घरी आल्यावर वाचलं. हरकत नाही. खोक्यात आहे म्हणजे झिजणार नाही.

संध्याकाळी आतल्या खोलीत मायलेकी खूप हसत होत्या. दुसऱ्याच्या पँटी उसवण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

२१ एप्रिल, रविवार

रॅमचा तक्ता चालू. व्यत्यय फार. दाराआडून बायकोचा आवाज येत होता, अगं कोळसा कमी टाक, फुटेल, फुटेल! मग लेक ओरडली, आई, डावीकडे, डावीकडे, खडक! आमच्याकडे गेली वीस वर्षं गॅस आहे. टीव्हीवरची कुठली तरी मालिका असणार. सांगून आलो की आवाज कमी करा, इथे जबाबदारीचं काम चाललंय. लेक म्हणाली, बाबा, दहा मिनिटं आत या ना, एक गंमत दाखवते. म्हटलं, दहा मिनिटांत तक्त्याचा धागा सुटतो. जे काही आहे ते नव्या मशीनवर बघू.

संकल्प: उद्यापासून इयरप्लग.

६ मे, सोमवार

ऑफिसात डोकं फिरवणारा प्रकार. टेस्टिंगची एक लाइन गळतीमुळे तीन दिवस बंद होती. एक गॅस्केट हवं होतं, आणि तिसरं कोटेशन आलं नव्हतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, पंप विकायचे की तक्ते? तेवढ्यात स्टोअरकीपर रस्त्यापलीकडच्या दुकानातून तेच गॅस्केट खिशात घालून घेऊन आला. अर्धा तास. लाइन सुरू झाली, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

गॅस्केट बसलं, मान्य. किती वर्षं टिकेल हे कुणी विचारलं? कुणीही नाही. अशा वातावरणात माझ्यासारख्या माणसाने काम करायचं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गळती थांबली ना?

१९ मे, रविवार

नवी पिढी आली. टोपीवाल्याने दीड तासाचा व्हिडिओ केला. निष्कर्ष असा की उत्तम आहे, पण पहिल्या खेपेच्या मालात दोष निघू शकतात, शहाण्याने दुसऱ्या खेपेसाठी थांबावं. मी शहाण्यांमध्ये मोडतो.

लेकीला सांगितलं, जूनअखेर. ती म्हणाली, बाबा, नसेल जमत तर राहू द्या, मला काही वाटणार नाही. मी तिला धीर दिला. म्हटलं, बाबाने शब्द दिलाय. ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. तिला आणखी काही सांगायचं होतं बहुतेक. पण टोपीवाल्याचा दुसरा भाग नुकताच आला होता.

२ जून, रविवार

धडाका! एका दिवसात तीन पार्ट. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट. प्रत्येक जण आपापल्या पानावर पहिला. मदरबोर्डला शंभरात शहाण्णव. इतके गुण मी आजवर एकाही व्हॉल्व्हला दिलेले नाहीत.

खोके ठेवायला जागा नाही. बायकोची ऑल्टरच्या कपड्यांची शेल्फ मागितली. तिने दिली आणि कपडे जुन्या मशीनशेजारी नेऊन ठेवले. ते अजून भंगारात कसं गेलं नाही असं विचारलं. ती म्हणाली, चालतंय की. चालतंय! एवढ्यावर समाधानी असणाऱ्या लोकांमुळे जग मागे आहे.

१६ जून, रविवार

प्रोसेसर आला. दुसऱ्या खेपेतला. शंभरात सत्त्याण्णव, मदरबोर्डपेक्षाही एक जास्त. हातात धरला तर बिस्किटाएवढा. अंगावर काटा आला.

आता फक्त जोडायचं. लेकीला सांगितलं, पुढच्या रविवारी सुकाणू हातात. ती नवीन सुटकेसच्या चाकांची तपासणी करत होती. बरं म्हणाली.

२३ जून, रविवार, दुपारी ३

काय लिहू.

सकाळी टेबलावर स्वच्छ चादर घातली. चष्मा पुसला. लेकीला मुद्दाम बोलावलं, म्हणजे शिकेल. मदरबोर्डचं पाकीट फोडलं, प्रोसेसर उचलला, जागेवर ठेवला. बसेना. फिरवला. बसेना. चारही बाजूंनी फिरवून पाहिला. लेकीने दोन्ही खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, बाबा, हा वेगळ्या कंपनीच्या प्रोसेसरचा बोर्ड आहे. हे दोघं एकमेकांत बसतच नाहीत.

तक्ता काढला. एकेचाळीस रकाने तपासले. गुण बरोबर, बेरीज बरोबर. ‘एकमेकांत बसतात का’ असा रकाना नव्हता.

पंपाच्या धंद्यात गॅस्केट कुठे बसणार हे ड्रॉइंगवर दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलेलं असतं. माझ्याकडे फक्त निवड असते. म्हणजे चूक माझी नाही, पद्धतीची आहे.

लेक म्हणाली, दुकानात जाऊ, बदलून मिळेल, मी येते बरोबर. तिला म्हटलं, तू राहू दे, तू तुझं पॅकिंग कर.

२४ जून, सोमवार

दुकानदाराने बोर्ड परत घेतला नाही. सील फोडलेलं, मुदत संपलेली. तो हसला मात्र नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. म्हणाला, या प्रोसेसरला बसणारा बोर्ड माझ्याकडे आहे, आत्ता घेऊन जा, संध्याकाळपर्यंत पोरीबरोबर खेळाल. याला लेकीचं कुणी सांगितलं? मीच सांगितलं असणार, मार्चमध्ये.

त्याने दिलेला बोर्ड नव्या तक्त्यात दुसरा आला. पहिला आला तो मागवावा लागतो, तीन ते चार आठवडे. मी पहिला मागवला. दहा वर्षांचा प्रश्न आहे. रकाना या वेळी घातला आहे.

७ जुलै, रविवार

बोर्ड नाही. लेक जायला तीन आठवडे. घरात सगळीकडे याद्या चिकटवल्या आहेत. बादली, चादरी, हँगर, औषधं. बायको तिच्या पडद्यांना टिपा मारतेय.

जेवताना लेकीने बायकोला विचारलं, आज शेवटचा टप्पा करायचा? बायको म्हणाली, कर, पण आज सुकाणू माझं. आणि दोघी खुसुखुसु हसल्या. शिवणकामात टप्पे असतात हे माहीत होतं. सुकाणू कशाला म्हणतात ते विचारणार होतो, पण जेवताना मी बोर्डाचं ट्रॅकिंग बघतो.

नंतर आतून टाळ्या आणि आरडाओरडा. मग एकदम शांत. डोकावलो तर लेक आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली आणि दोघींचे डोळे ओले. जाण्याचं दुःख. स्वाभाविक आहे. मी दार ओढून घेतलं. अशा वेळी बायकांना मोकळं सोडावं.

२१ जुलै, रविवार

बोर्ड आला! बसला! दोघं एकमेकांत असे बसले की टकन आवाज आला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

ग्राफिक्स कार्ड मात्र कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब. हा रकानाही नव्हता. आतला एक पत्र्याचा पिंजरा काढावा लागला. माझ्या स्क्रू ड्रायव्हरला स्क्रू हलेना. बायकोने शिलाई मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर आणला, दोन मिनिटांत काढला आणि कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावायला परत गेली.

२६ जुलै, शुक्रवार, संध्याकाळी ७

आजचा दिवस सोनेरी अक्षरांत. बटण दाबलं आणि चालू! सगळ्या वायरी मी स्वतः जोडल्या, कुणालाही हात लावू दिला नाही. पडदा उजळला तेव्हा एकटाच टाळ्या वाजवल्या.

आणि काय ग्राफिक्स! नुसतं फोल्डर उघडलं तरी फरक कळतो. माउसची खूणसुद्धा मला जास्त खरी वाटली. याला म्हणतात पहिल्या नंबरचं कार्ड. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, बॅगेला कुलूप कुठे ठेवलंय?

२७ जुलै, शनिवार

लेक सकाळी आली. आंघोळ करून, केस बांधून, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाबा, चला, आज पूर्ण दिवस माझा मोकळा आहे. सगळं भरून झालंय.

आता इथे तत्त्वाचा प्रश्न होता. आमच्या कारखान्यातून चोवीस तास चाचणी न घेता एकही पंप बाहेर जात नाही. पहिल्या चोवीस तासांत जे बिघडत नाही ते दहा वर्षं बिघडत नाही. मी चाचणीचा प्रोग्रॅम सकाळी आठलाच लावला होता. मध्ये थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून. तिला सगळं समजावून सांगितलं. उद्या सकाळी आठला चाचणी संपेल, तुझी गाडी अकराला, मध्ये तीन तास आहेत.

ती पडद्यावरची टक्केवारी बघत बसली. आठ होती. नऊ झाली. मग म्हणाली, बाबा, मला लहानपणी सायकल शिकवताना तुम्ही आधी आठ दिवस ब्रेक तपासत होता, आठवतं? म्हटलं, आणि पडलीस का कधी? ती म्हणाली, नाही, शेवटी आईने शिकवली.

मग थोड्या वेळाने उठून गेली.

२८ जुलै, रविवार, दुपारी

चाचणी शंभर टक्के यशस्वी.

गेम नव्या मशीनवर टाकायचा राहिला होता. डाउनलोडला चार तास दाखवत होतं. तिची गाडी अकराला.

टॅक्सीची डिकी बंद होत नव्हती, बादली आडवी येत होती. मी बादली धरून उभा होतो. ती पाया पडली, मग मिठी मारली आणि म्हणाली, बाबा, तुमचं नाव मी घालून ठेवलंय बरं का. कशात ते विचारायचं राहिलं. ड्रायव्हर घाई करत होता.

टॅक्सी गेल्यावर घरात आलो तर डाउनलोड एकोणपन्नास टक्के.

वाईट वाटतंय. पण मशीन दहा वर्षं आहे. ती सुट्टीत येईलच.

४ ऑगस्ट, रविवार

गेम सुरू केला. एकटाच. म्हटलं, सराव करून ठेवू, म्हणजे ती येईल तेव्हा तयारी असेल. डाव्या हाताने सुकाणू, उजव्या हाताने कोळसा. सुकाणूकडे बघितलं की बॉयलर थंड पडतो. कोळशाकडे बघितलं की खडक येतो. अकरा वेळा बुडालो. बोटीवर दोन माणसं असतात, एक सुकाणूशी, एक खाली बॉयलरपाशी. मी एकाला हलवलं की दुसरा हात बांधून उभा राहतो आणि मान वर करून वाट बघतो. चित्र काढणाऱ्याने चेहरा फार चांगला काढलाय.

शिवाय बोट उचकी लागल्यासारखीच चालते. मार्चमध्ये चालत होती अगदी तशीच. गेम बनवणाऱ्यांची चूक. त्यांना सविस्तर पत्र लिहिलं.

१० ऑगस्ट, शनिवार

उत्तर आलं नाही.

बायको माझ्या टेबलामागे झाडत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, अहो, ही पडद्याची वायर वरच्या खाचेत का घातलीत? म्हटलं, खाच दिसली, घातली. ती म्हणाली, ती बोर्डाची खाच. कार्डाची खाली आहे. वर घातली तर तुमचं कार्ड कामच करणार नाही, नुसतं फिरत बसेल. आमच्यात आम्ही खाली घालतो.

तिनेच वायर काढून खाली घातली. बोट लोण्यासारखी चालायला लागली.

म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव गुणांचं कार्ड गेले पंधरा दिवस आत हात बांधून बसलं होतं. आणि मी ज्या ग्राफिक्सवर टाळ्या वाजवल्या, ती त्याची नव्हतीच. हे टोपीवाल्याने सांगितलं नव्हतं असं लिहिणार होतो. पण सांगितलं होतं. पहिल्याच व्हिडिओत. तेव्हा मी पुढे ढकललं होतं, सोपं वाटलं म्हणून.

एक गोष्ट डोक्यात अडकून राहिली आहे. ‘आमच्यात’ म्हणजे कशात?

११ ऑगस्ट, रविवार, सकाळी

विचारलं.

ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. शिलाईच्या टेबलावरून कुणाचा तरी कोट बाजूला केला, जुनं मशीन चालू केलं. पंख्याचा आवाज नाही. बोट आली. उचकी नाही. सेटिंग कमी आहे म्हणाली, पण समुद्र समुद्रासारखाच दिसतो. दोघी मार्चपासून रोज संध्याकाळी खेळत होत्या. ७ जुलैला बंदरात पोचल्या. मी दार ओढून घेतलं होतं तो दिवस. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, अहो, पोर किती वेळा तुम्हाला बोलवायला आली.

किती वेळा ते मोजलं नाही. वही मागे चाळली तर दिसतातच.

पडद्यावर खेळाडूंची यादी होती. तीन नावं. लेकीचं नाव, पुढे लिहिलेलं, बंदरात पोचली. खाली ‘आई’, बंदरात पोचली. सर्वांत वर ‘बाबा’. काम: सुकाणू. प्रवास: शून्य. नाव घातल्याची तारीख ३ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मी उभा राहून समतोल समजावत होतो तेव्हा ती हे टाइप करत होती.

बायकोला विचारलं, हे पुसलं का नाही तुम्ही? ती म्हणाली, मी पुसत होते, शून्य बरं दिसत नाही म्हणून. पोरीने पुसू दिलं नाही.

फार वाईट वाटलं. वहीत पहिल्यांदाच कारण न देता लिहितोय.

बायकोने खुर्ची सरकवली. म्हणाली, बसा, दोन गिऱ्हाइकं यायची आहेत तोवर वेळ आहे. कोळसा मी बघते. मी सुकाणू धरलं. पहिल्याच खडकावर बोट बुडवली. ती म्हणाली, असू दे, तीही पहिल्यांदा इथेच बुडाली होती.

मग म्हणाली, पण ती मार्चमध्ये.

दुपारी

जुन्या तक्त्यात या मशीनला टिकाऊपणाचे दहात दोन गुण दिले होते. दुरुस्त करायला हवेत. उद्या करतो.